हरपलेली स्मृती आणि उरलेला माणूस
(कलाकृतींतील स्मृतिभ्रंशाचे पालि साहित्याच्या आधारे आकलन)

बौद्ध साहित्याच्या वाचकांस ‘सति’ हा शब्द अपरिचित नाही. आज त्याचा अर्थ बहुधा ‘जागरूकता’ असा सांगितला जातो आणि ध्यानमार्गाच्या संदर्भात तो यथार्थही आहे. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्मरण’ हाच होय. संस्कृत ‘स्मृति’ आणि पालि ‘सति’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. सुत्तपिटकात सति-इंद्रियाचे लक्षण सांगताना, फार पूर्वी केलेले व फार पूर्वी बोललेले आठवू शकणे, असेच ते सांगितले आहे. स्थविर आनंदांना स्मृतिमान भिक्खूंमध्ये अग्रस्थान मिळाले ते याच अर्थाने. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी धम्माचे व उपालींनी विनयाचे कथन केले ते स्मरणाच्या बळावर; आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथारूढ होईपर्यंत बुद्धवचन भाणकांच्या मुखातच जगले.

ज्या परंपरेने स्मृतीला एवढे मोल दिले, तिला एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही. ज्याची स्मृतीच क्षीण होत जाते, त्या माणसाचे काय? पत्नीचे नाव, घराची वाट, हातातला घास तोंडात घालण्याची रीत हे सर्व ज्याच्या मनातून निसटत जाते, त्याच्या ठायी मागे काय उरते? वैद्यकशास्त्र या अवस्थेला डिमेन्शिया म्हणते. मराठीत तिला स्मृतिभ्रंश म्हणण्याचा प्रघात पडला आहे. गेल्या काही दशकांत चित्रपट, नाटक, चित्रकला आणि संगीत या सर्व कलांनी हा विषय हाताळला. या कलाकृतींनी स्मृतिभ्रंशाचे जे चित्र उभे केले त्याचा परामर्श घेणे आणि पालि साहित्यातील काही स्थळांच्या प्रकाशात ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय केवळ कलासमीक्षेचा नाही. आपल्या घरातील वृद्धाशी आपण कसे वागतो, हे पुष्कळदा त्याच्याविषयीचे कोणते चित्र आपण मनात बाळगतो यावर ठरते.

१. आजार आणि त्याचे नाव

जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे मांडले. १९१० साली या विकाराला त्यांचे नाव देण्यात आले. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांत अल्झायमरचा विकार सर्वाधिक आढळतो. जगात साडेपाच कोटींहून अधिक लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख इतके आहे. आणि ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले.

आपल्या समाजात मात्र याला आजार म्हणून ओळखणारे थोडे. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण हसतो, ‘म्हातारचळ’ म्हणून हात झटकतो, किंवा बाहेरची बाधा समजून गंडेदोरे करतो. खुद्द ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दालाही दोषारोपाची छटा चिकटलेली आहे. भगवद्‌गीतेत हा शब्द क्रोधापासून सुरू होणाऱ्या अधःपाताच्या साखळीत येतो. पालि साहित्यातील ‘मुट्ठस्सति’, म्हणजे ज्याची स्मृती हरवली आहे तो, हा शब्दही प्रायः प्रमादी साधकाच्या निंदेसाठी योजलेला आहे. हे दोन्ही शब्द नैतिक स्खलनाविषयी बोलतात. मेंदूच्या पेशी मरत गेल्याने होणाऱ्या विस्मरणाला त्यांतील निंदा लागू करणे हा अन्याय होय.

दुसरा अन्याय ‘पूर्वकर्माचे फळ’ या समजुतीने होतो. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात हा प्रश्न स्पष्टपणे आला आहे. माणसाला जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांचे मत तेथे भगवंतांनी नाकारले आहे. पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुबदल, विषम आहारविहार आणि आघात ही स्वतंत्र कारणे सांगून कर्मविपाक हे आठवे व अखेरचे कारण दिले आहे. सर्व आजार कर्माच्या माथी मारणे हे बुद्धमताशी विसंगत आहे, हे येथे आरंभीच नोंदवून पुढे जाऊ.

२. दुरून पाहिलेले चित्र

विल्यम उटरमोलेन हा लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार. १९९५ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याला अल्झायमरचा विकार जडल्याचे निदान झाले. त्यानंतर काही वर्षे तो स्वतःची व्यक्तिचित्रे काढीत राहिला. २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची चर्चा झाली व ती जगभर पोहोचली. २००७ साली तो निवर्तला. ही चित्रे क्रमाने पाहिली असता प्रथम चेहरा भेदरलेला दिसतो, मग त्याची रेषा सुटते, अवयव जागचे ढळतात आणि अखेरीस केवळ एक डोक्याचा आकार उरतो.

बहुतेक पाहणारे या मालिकेतून एकच अर्थ काढतात : माणूस हळूहळू पुसला गेला. परंतु एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते. शेवटचे चित्रसुद्धा कोणीतरी काढलेले आहे. कागदापुढे बसण्याची इच्छा, पेन्सिल धरणारा हात आणि ‘हा मी’ असे म्हणण्याची धडपड हे सर्व त्या अखेरच्या आकारामागे उभे आहे. जे कौशल्य गेले त्याचा पुरावा चित्रात आहे; आणि जो उरला त्याचाही पुरावा चित्रातच आहे.

संगीतातील असाच एक मोठा प्रयोग लेलंड कर्बी या इंग्लिश संगीतकाराने ‘द केअरटेकर’ या नावाने केला. २०१६ ते २०१९ या काळात सहा भागांत प्रसिद्ध झालेली ही रचना सुमारे साडेसहा तासांची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नृत्यगृहांच्या जुन्या तबकड्यांवरील सुरावटी आरंभी जवळजवळ स्वच्छ ऐकू येतात. पुढे त्यांवर खरखर चढते, एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, निरनिराळ्या सुरावटी एकमेकींत मिसळतात आणि अखेरच्या भागात ओळखू येईल असे काही राहत नाही. २०२० नंतर जगभरातील तरुणांनी ही रचना मोठ्या संख्येने ऐकली. ज्यांनी घरात असा रुग्ण कधी पाहिला नव्हता त्यांना या आजाराची भीषणता तिने जाणवून दिली, हे तिचे श्रेय मान्य करावे लागेल.

तथापि या रचनेचे रूपक आणि वस्तुस्थिती यांत एक मोठे अंतर आहे. येथे संगीतच क्षीण होते. प्रत्यक्ष रुग्णांत मात्र पुष्कळदा उलट घडते : नावे, तारखा, नातीगोती निघून गेल्यावरही तरुणपणीचे गाणे टिकून राहते. या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे. दुरून पाहणारी कला ऱ्हास अचूक टिपते, पण ऱ्हासाच्या आत कोणी आहे की नाही हे तिला दिसत नाही. आणि अशी कला जेव्हा घरात मतासारखी मुरते, तेव्हा ‘आता ते आपले राहिलेच नाहीत’ हे वाक्य तोंडी येते. ते वाक्य एकदा उच्चारले की त्या वृद्धाला खोलीत कोंडणे, त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलणे, त्याला विचारल्यावाचून सर्व ठरविणे हे सोपे होते.

३. आतून पाहिलेले चित्र

दुसऱ्या प्रकारची कला प्रेक्षकाला रुग्णाच्या जागी बसविते. फ्लोरियां झेलेर या फ्रेंच नाटककाराचे ‘पिता’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले व २०२० साली त्याने स्वतःच त्यावर ‘द फादर’ हा चित्रपट केला. यातील वृद्धाची भूमिका करणारे अँथनी हॉपकिन्स यांना २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. येथे घराच्या खोल्या नकळत बदलतात, मुलगी म्हणून समोर येणारी स्त्री भलतीच निघते, आधी घडलेला प्रसंग नंतर घडतो. खरे काय हे प्रेक्षकालाही कळेनासे होते. रुग्ण चिडतो, संशय घेतो, ‘माझे घड्याळ चोरले’ असे म्हणतो, ते हट्टाने नव्हे. त्याच्यापुढील जगच विसंगत झालेले असते, हे या नाटकाने पटवून दिले.

मराठी रंगभूमीला ही जाणीव अगदी नवी नव्हती. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील वृद्ध दादी वारंवार वेळ विचारीत राहते. ढासळणाऱ्या वाड्यात काळाच्या बाहेर पडलेली ही वृद्धा म्हणजे केवळ पार्श्वभूमी नव्हे. घरातील सर्वांनी टाळलेला प्रश्न ती एकटीच विचारीत असते.

अविनाश अरुण या मराठी दिग्दर्शकाचा ‘थ्री ऑफ अस’ हा हिंदी चित्रपट २०२३ साली प्रदर्शित झाला. शेफाली शाह यांनी साकारलेली शैलजा ही मुंबईत नोकरी करणारी स्त्री. स्मृतिभ्रंशाचा आरंभ झाल्याचे कळल्यावर ती पतीसह कोकणात वेंगुर्ल्यास जाते, कारण तिचे काही शालेय दिवस तेथे गेले होते. बालपणीच्या मित्राला, शाळेला, जुन्या घराला ती भेटते. आठवणी जाण्यापूर्वी त्यांचा निरोप घेणे, असा हा प्रवास आहे. यात आक्रोश नाही. जे जाणार आहे ते आधीच ओळखून त्याच्याशी हिशेब पुरा करणे, ही अनित्यतेची जाण त्यात आहे. मात्र येथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्या आठवणी वेंगुर्ल्याच्या वाटांत, मित्राच्या मनात, शाळेच्या भिंतींत ठेवलेल्या आहेत. म्हणूनच ती त्या घ्यायला तेथे जाते.

४. नात्यातून पाहिलेले चित्र : ‘अस्तु’

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा मराठी चित्रपट या विषयावरील भारतीय कलाकृतींत अग्रगण्य होय. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. त्यांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे येथे विसरता येत नाही. थोरली मुलगी इरा वडिलांचा सांभाळ करते. एके दिवशी मोटारीत बसवून ठेवलेले शास्त्री रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या ओढीने खाली उतरतात व त्याच्यामागे चालू लागतात. इकडे मुलगी सैरभैर होऊन शोध घेते; तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी वृद्धाला आपल्या लेकरांबरोबर जेवू घालते. शास्त्री तिच्यात आपली आई पाहतात. चन्नम्मेची भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चित्रपटाची थोरवी कशात आहे? इरेला वडील म्हणजे त्यांचे पांडित्य, त्यांचे श्लोक, त्यांनी लहानपणी सांगितलेल्या कथा. ते सर्व ओसरताना पाहून तिला वडीलच हरवल्याचे दुःख होते आणि ते स्वाभाविक आहे. चन्नम्मेपुढे मात्र तुलनेला पूर्वीचे कोणी नाही. तिला दिसतो तो भुकेलेला, भांबावलेला, हत्ती पाहून हर्षभरित होणारा एक माणूस. तो कोण होता हे तिला ठाऊक नाही. तो आहे एवढे तिला पुरेसे आहे.

पालि परिभाषेत हा भेद अधिक स्पष्ट करता येतो. माणूस म्हणजे रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार व विञ्ञाण या पाच खंधांचा समूह. यांपैकी सञ्ञेचे काम वस्तूवर खूण करणे व त्या खुणेने ती पुन्हा ओळखणे हे होय. अट्ठकथाकारांनी यासाठी लाकडावर खुणा करून ठेवणाऱ्या सुताराचा दृष्टान्त दिला आहे. स्मृतिभ्रंशात या खुणा पुसल्या जातात. मुलगा समोर उभा असतो, पण ‘हा मुलगा’ ही खूण लागत नाही. परंतु वेदना, म्हणजे सुख-दुःखाचा अनुभव, खूण पुसली म्हणून थांबत नाही. रागावून बोललेले शब्द रुग्ण विसरतो, पण त्या शब्दांनी आलेली उदासी मनात रेंगाळते. प्रेमाने भरविलेला घास कोणी भरविला हे विसरतो, पण तृप्ती चेहऱ्यावर राहते. चन्नम्मा शास्त्रींच्या सञ्ञेशी वाद घालीत नाही. ती वेदनेची काळजी घेते.

येथे अनात्मवादाचा एक विपर्यास टाळला पाहिजे. ‘आत्मा नाही, मग स्मृती गेल्यावर उरले कोण?’ असा तर्क कोणी करील. वस्तुतः अनात्म सिद्धान्त याच्या उलट दिशेने नेतो. माणूस म्हणजे स्मृतींचा एक कायम साठा, असे मानणाऱ्यालाच साठा संपल्यावर माणूस संपला असे वाटेल. जो माणसाला मुळातच परस्परावलंबी प्रवाह मानतो, त्याला एक घटक क्षीण झाल्याने सारे संपले असे म्हणता येणार नाही.

चित्रपटाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. चन्नम्मेची करुणा एका दिवसाची आहे, इरेची सेवा वर्षानुवर्षांची. पाहुण्याला सहज जमणारी मृदुता रात्रंदिवस जागणाऱ्या लेकीला किंवा सुनेला तितकीच सहज जमावी, अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे होईल.

५. पालि साहित्यातील तीन स्थळे

अंबपाली थेरीच्या गाथांत वृद्धत्वाचे चित्र एकेका अवयवाच्या वर्णनाने उभे राहते. विस्मरणाविषयी मात्र अन्यत्र पाहावे लागते. पुढील तीन स्थळांतील व्यक्तींना आजच्या अर्थाने स्मृतिभ्रंश होता, असे म्हणावयाचे नाही. ज्याला आठवत नाही त्याच्याशी कसे वागावे, एवढाच येथे विचार आहे.

पहिले स्थळ चूळपंथकाचे. चार महिने खटपट करूनही त्याला एक गाथा पाठ होईना, असे अट्ठकथा सांगते. थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. थेरगाथेत चूळपंथकाच्या स्वतःच्या गाथा आहेत. आरामाच्या दाराशी आपण खिन्न उभे होतो, तथागत तेथे आले, त्यांनी मस्तकावरून हात फिरविला, बाहू धरून आत नेले आणि पाय पुसण्याचे वस्त्र देऊन त्यावर चित्त एकाग्र करण्यास सांगितले, असे तो त्यांत सांगतो. विसराळू माणसाने स्वमुखाने सांगितलेली ही कथा जागतिक साहित्यात दुर्मिळ म्हणावी लागेल. जे पाठ होत नव्हते ते पुन्हा पाठ करविले गेले नाही. हाताला जमेल असे काम दिले गेले. आणि प्रथम स्पर्श झाला, उपदेश नंतर.

दुसरे स्थळ विनयपिटकातील गग्ग भिक्खूचे. त्याचे चित्त विपर्यस्त झाले होते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. संघापुढे अडचण उभी राहिली, कारण सर्वांच्या उपस्थितीवाचून उपोसथ पूर्ण होत नसे. भगवंतांनी गग्गाला संघाबाहेर काढण्यास सांगितले नाही. संघाने विधिपूर्वक संमती द्यावी, म्हणजे गग्ग आला तरी व न आला तरी उपोसथ वैध ठरेल, अशी व्यवस्था केली. नियम माणसासाठी वाकविला गेला. पुढे गग्ग बरा झाल्यावर, वेडाच्या भरात केलेल्या गोष्टींवरून काही भिक्खू त्याला टोचू लागले. मला आठवत नाही, असे तो सांगे, तरी ते ऐकत ना. तेव्हा ‘अमूळ्ह-विनय’ नावाचा निर्णयप्रकार सांगितला गेला, ज्यायोगे त्या अवस्थेतील कृत्यांचा दोष त्याला लागू नये.

याच्याशी ताडून पाहण्याजोगा एक चित्रपट आहे. जाह्नू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ (२००५) या हिंदी चित्रपटात अनुपम खेर यांनी निवृत्त प्राध्यापकाची भूमिका केली आहे. आपल्या हातून गांधीजींची हत्या झाली, असा त्याला भ्रम होतो. युक्तिवादाने तो दूर होत नाही. अखेरीस त्याच्यासाठी एक लुटुपुटीचे न्यायालय भरवून त्याला निर्दोष ठरविले जाते. गग्गावर दोष इतरांनी ठेवला होता, येथे रुग्ण स्वतःवरच ठेवतो. परंतु दोहोंत समुदायानेच एकत्र येऊन त्याला मोकळे केले.

तिसरे स्थळ मिलिंदप्रश्नातील. छत्रपती संभाजीनगरचे १९५० साली स्थापन झालेले मिलिंद महाविद्यालय आपणा मराठवाड्यातील वाचकांच्या मनात या ग्रंथाचे नाव जागे ठेवते. स्मृती किती प्रकारांनी उत्पन्न होते, या राजाच्या प्रश्नाला नागसेन एक मोठी यादीच देतात. सुखाच्या अनुभवाने, दुःखाच्या अनुभवाने, साम्याने, भेदाने, खुणेने, गणनेने, पाठांतराने, ग्रंथात पाहून, ठेव म्हणून ठेवलेली वस्तू पाहून. आणि स्वभावतः विसराळू माणसाला दुसऱ्याने आठवण करून दिल्याने. या यादीचे मर्म ध्यानात घ्यावे. स्मृती केवळ डोक्याच्या आत नाही. ती वस्तूंत आहे, ग्रंथांत आहे आणि शेजारच्या माणसाच्या तोंडी आहे. एकाची स्मृती दुसऱ्याने सांभाळणे यालाही येथे स्मृतीच म्हटले आहे. ‘अस्तु’सारखी कलाकृती जे दृश्यांतून दाखविते त्याची तात्त्विक बैठक येथे सापडते.

६. गाणे का टिकते

अल्झायमरच्या विकारात सामान्यतः प्रथम बाधा होते ती हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला व त्याच्या लगतच्या भागांना. नव्या घटना मनात नोंदविण्याचे काम त्यांच्याकडे असते. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही, पण बालपण आठवते. हातापायांत मुरलेल्या सवयींची स्मृती मेंदूच्या अन्य भागांवर अवलंबून असते. लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की, चिरपरिचित संगीताच्या स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे भाग या विकारात इतर भागांच्या तुलनेने उशिरापर्यंत शाबूत राहतात.

क्लाइव्ह वेअरिंग या इंग्लिश संगीतज्ञाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८५ साली मेंदूच्या संसर्गाने त्याची स्मृती इतकी नष्ट झाली की, काही क्षणांपूर्वीचेही त्याला आठवेना. हा स्मृतिभ्रंश वार्धक्याचा नव्हे, परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : तो पियानो वाजवू शकत होता आणि गायकवृंदाचे संचालनही करू शकत होता. सूर चालू असेतोवर तो त्यांच्या धाग्याने पुढे जाई.

आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे जात्यावरची ओवी. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी आरंभिलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत आपल्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या, बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. ओवी कागदावर नव्हती. ती खुंट्याच्या फेऱ्यात, श्वासाच्या लयीत, समोर बसलेल्या जोडीदारणीच्या सुरात होती. एकीने उचलावी, दुसरीने पुरी करावी. नागसेनांची यादी येथे पिठाच्या जात्यावर प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

म्हणून ज्या वृद्धेला लेकाचे नाव आठवत नाही, तिच्यापुढे परीक्षेसारखे प्रश्न ठेवू नयेत. ‘मी कोण, सांग’ हा प्रश्न तिला दर वेळी नापास करतो. त्याऐवजी तिच्या तरुणपणीची ओवी, पाळणा किंवा वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे एखादे गीत कोणी शेजारी बसून म्हणावे. विहारात वर्षानुवर्षे म्हटलेले त्रिसरण-पंचशील समूहाच्या सुरात पुष्कळांच्या ओठी आपोआप येते. गाण्याने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ध्यानानेही झालेला ऱ्हास भरून येत नाही. परंतु तेवढा वेळ तो माणूस एकटा राहत नाही.

७. ज्यांचे चित्र अद्याप काढले गेले नाही

आतापर्यंतच्या कलाकृतींत एक गोष्ट खटकते. ‘अस्तु’तील रुग्ण संस्कृतचा प्राध्यापक, बरुआंच्या चित्रपटातीलही प्राध्यापकच. विद्वानाचे विस्मरण नाट्यमय वाटते, कारण त्याचे ज्ञान आपल्याला दिसत असते. मग ज्या बाईने अर्धे आयुष्य उसाच्या फडात काढले, तिच्या विस्मरणाचे चित्र कोण काढणार? उसाच्या कांड्यावर कोयता कोठे पडावा, मोळी कशी बांधावी, बैल कोणत्या हाकेला वळतो, बियाणे कोणत्या गाडग्यात ठेवले, हेही ज्ञानच आहे. ते जाताना कोणाच्या ध्यानात येत नाही. अक्षरओळख नसलेल्याची स्मृती लेखी प्रश्नांनी मोजता येत नाही, हे वैद्यकालाही उशिरा उमगले; उत्तर भारतातील निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत रचलेली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली.

मांजरसुंबा हे बालाघाटाच्या डोंगररांगांतील गाव धुळे–सोलापूर महामार्गावर आहे; अहिल्यानगरहून पाटोद्यामार्गे केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ताही येथेच मिळतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि फड संपेपर्यंत, म्हणजे चार-सहा महिने, घरी म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. मुकादमाची उचल घेतलेल्याला घरी थांबण्याची सोय नसते. अशा घरातील आजोबा-आजीला विस्मरणाने घेरले, तर त्यांची स्मृती सांभाळणारे माणूसच शेकडो मैलांवर असते. ‘अस्तु’तील शास्त्री शहराच्या रस्त्यावर हरवले, आपल्याकडील वृद्ध चार पावले टाकली की भरधाव वाहनांच्या महामार्गावर येतो.

अशा वेळी गावातील विहाराला व शेजाऱ्यांना काही करता येईल. हंगामापूर्वी कोणत्या घरी विसरू लागलेले वृद्ध आहेत याची विचारपूस व्हावी. कपड्याच्या आत नाव-गावाची व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी शिवून द्यावी. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांमुळे होणारे विस्मरण उपचाराने सुधारू शकते. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पौर्णिमेच्या वंदनेला त्या वृद्धाला हात धरून आणावे. तो मध्येच उठला, चुकीच्या ठिकाणी बोलला, तरी वंदना भंगली असे मानू नये. गग्गासाठी उपोसथाचा नियम वाकू शकतो, तर आपली शिस्तही वाकू शकते. आणि जी लेक वा सून त्याला सांभाळते, तिला आठवड्यातून काही घटका मोकळीक मिळेल अशी पाळी शेजारणींनी लावून घ्यावी.

देवदूत सुत्तात जराजर्जर मनुष्याला देवदूत म्हटले आहे. तो पाहूनही जो सावध होत नाही त्याला यमराजाचा प्रश्न विचारला जातो. स्मृती हरपलेला वृद्ध हाही असाच दूत होय. आपण कोण आहोत हे आपण एकट्याने कधीच लक्षात ठेवलेले नसते, ते इतरांनी आपल्यासाठी लक्षात ठेवलेले असते, हा त्याचा निरोप आहे. उत्तम कला तो निरोप आपल्यापर्यंत पोहोचविते. पुढचे काम घरातल्या, आळीतल्या आणि विहारातल्या माणसांचे आहे.